चिठ्ठीवर लाल, कुंडीत गुलाबी

काळपट लाल, दुहेरी पाकळ्यांचं अडेनियम म्हणून घेतलेल्या झाडाला उन्हाळ्यात फूल आलं ते फिकट गुलाबी आणि साधं, पाच पाकळ्यांचं. कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी दिसतं तसं. फोटो घेऊन नर्सरीत गेले. मालकांनी मोबाइलकडे धड पाहिलंही नाही. म्हणाले, "मॅडम, पहिल्या बहराला असंच येतं. पुढच्या वर्षी रंग भरतो. तुम्ही पाणी जास्त घालताय." पाण्याचा आणि पाकळ्या निम्म्या होण्याचा संबंध काय, असं विचारलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून हसत म्हणाले, "हौशी लोकांचं असंच असतं बघा."

ते हसणं अजून डोक्यात आहे.

घरी येऊन खोड नीट बघितलं. माथ्यावर निळसर बोर्डो पेस्ट थापलेली होती; "छाटणी केलीय" असं विकताना सांगितलं होतं. ती नखानं खरवडली. खाली सुरीनं घेतलेली इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, आणि खाचेत वाळून काळी पडलेली कलमकाडी. पेस्टच्या आत होती म्हणजे माझ्याकडे येण्याआधीच ती मेली होती. हिरव्यागार फांद्या होत्या त्या सगळ्या खाचेच्या खालून, खुंटावरून फुटलेल्या. पैसे कलमाचे घेतले, दिला नुसता खुंट. वर शहाणपण मलाच शिकवलं!

तेव्हा अडेनियमचं कलम घेताना चिठ्ठीवरचं चित्र बघू नका, सांधा बघा. फांदी सांध्याच्या वरून निघालेली हवी. सांधा पेस्टखाली किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीखाली झाकलेला असेल तर उघडून दाखवायला सांगा; दुकानदार कां-कूं करू लागला की निघा. शक्यतो फुलावर असलेलंच झाड घ्या. खोड बुंध्याशी दाबून पाहा, टणक हवं. मऊ लागलं तर आतून कुजलेलं असू शकतं. आणि बिल घ्या, हे काय सांगायचं.

"लाल दुहेरीचं बी" विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. हापूसच्या कोयीतून हापूस निघेलच असं नसतं, तसंच हे. बियांची रोपं लावावीत ती बुंध्यासाठी. बियांपासूनच्या रोपाचा बुंधा जसा फुगतो तसा फांदी लावून केलेल्या रोपाचा फुगत नाही. शेंगा जोडीनं येतात. पिकू लागल्या की दोरा गुंडाळा, नाहीतर तडकून बिया उडतात. प्रत्येक बीला दोन्ही टोकांना केसांचे झुपके असतात. बी ताजं असेल तर उन्हाळ्यात आठवड्याभरात उगवतं.

माती म्हणाल तर नर्सरीतलं नुसतं कोकोपीट आधी झाडून टाका. पावसाळ्यात ते दिवसच्या दिवस ओलं राहतं आणि मुळं सडतात. मी जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं गांडूळखत घालते. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली. थंडीत पानं गळली तर घाबरून पाणी ओतू नका, झाड विश्रांती घेतंय. ऊन मात्र भरपूर हवं. छाटणी फेब्रुवारीच्या सुमारास करा, फुलं नव्या फुटीवर येतात. चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

तो खुंट मी फेकला नाही, इतका काही वाईट नव्हता. मैत्रिणीच्या लाल झाडाची काडी आणून मार्चमध्ये त्यावर स्वतःच कलम बांधलं: खुंट आडवा कापून त्यात खाच, काडीला तशीच पाचर, वर प्लॅस्टिकची पट्टी आणि पिशवी. सुरी स्पिरिटनं पुसलेली. पावसाळी हवेत हा उद्योग करू नका, सांधा कुजतो. जीव धरलाय. आता खुंटावर गुलाबी फुटवे डोकावतात ते दिसले की लगेच खुडते. दुर्लक्ष केलं तर तेच जोर धरतात आणि वरची काडी उपाशी मरते.