अकाली मृत्यूंची मोजदाद
(द्वितीय वर्ष, कला)

माझे थोरले चुलते चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. पहाटे धार काढताना छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. जीप येण्यापूर्वीच सारे संपले. "वेळ भरली होती," एवढेच घरात बोलले गेले. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण आहे, कारण नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये नोंदीच्या उताऱ्यात ते उघड करावयाचे नसते, हे मला यंदा अभ्यास करताना कळले.

परंतु कारण मुळातच कोणी लिहिले नसेल तर? आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे पाचातल्या एकाचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. मग हृदयविकाराने अकाली, म्हणजे साधारणपणे ३० ते ७० या वयात, किती माणसे दगावली हे कसे कळणार?

यासाठी भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय व डॉ. प्रभात झा यांनी 'मिलियन डेथ स्टडी' हाती घेतली. २००१ ते २०१४ या काळातील मृत्यू तीत अभ्यासले गेले. नमुन्यादाखल निवडलेल्या गावांत व वॉर्डांत पाहणीकार मृताच्या घरी जाई. कळ कोठे होती? किती वेळ राहिली? घाम आला का? तंबाखूची सवय होती का? उत्तरे घरच्यांच्याच भाषेत लिहून घेत. पुढे दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवीत. मतभेद राहिलाच तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देई. वृद्धांच्या बाबतीत ही रीत थोडी लंगडी पडते, कारण त्यांना एकाच वेळी अनेक दुखणी असतात. मध्यमवयीनांच्या बाबतीत ती बरीच भरवशाची ठरते, आणि आपला प्रश्न त्यांचाच आहे.

हृदयविकार हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा रोग, असे मीही समजत होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी तो समज खोटा ठरविला. २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वयोगटात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू खेड्यांत वाढत गेले व त्यांचे प्रमाण शहरांच्याही पुढे गेले. ज्यांना आपला आजार ठाऊक होता, त्यांच्यापैकीही निम्म्याहून अधिक जण नियमित औषध घेत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत हेच प्रश्न मी चुलतीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "महिनाभर आधीपासून हे विहिरीची चढण चढताना दोनदा थांबायचे. छाती चोळायचे. पित्त झालंय म्हणायचे. मी सोडा द्यायची." इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारले नव्हते.