“बाई, मी खाली थांबतो” : राईडला घाबरणाऱ्या मुलाची तयारी

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून सहलींची पत्रकं निघतात. किल्ला, धरण, संग्रहालय यांच्या जोडीला हल्ली थीम पार्कचं नावही असतंच. आणि प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात, जी राईडच्या रांगेत पुढे सरकण्याऐवजी हळूच मागे मागे जातात. शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, आजचा लेख त्या मुलांसाठी आहे.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसरीचा वर्ग घेऊन गेले होते. एक मुलगा ड्रॅगनच्या छोट्या गाडीत बसायला तयार नव्हता. “बाई, मी खाली थांबतो,” एवढंच म्हणत होता. मी म्हटलं, “अरे, काही होत नाही, डोळे मिट आणि बस!” आणि बसवलं. दीड-दोन मिनिटांची राईड, पण तो सगळा वेळ रडत होता. उतरल्यावर माझा हात सोडून दुसऱ्या बाईंकडे गेला आणि डबाही त्यांच्याजवळच बसून खाल्ला. खरी गोष्ट पुढे कळली. शाळा सुरू झाल्यावर मी फळ्याजवळ बोलावलं तरी तो विचारायचा, “बाई, नक्की काही होणार नाही ना?” माझ्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडाला होता. राईड राहिली असती तर एवढं काही बिघडलं नसतं.

काही दिवसांनी त्याने सहलीचं चित्र काढलं. त्यात ड्रॅगन एवढासा आणि मांडीवरचा लोखंडी दांडा मात्र भला मोठा! विचारलं तर म्हणाला, “तो खट् वाजला. उघडलाच नसता तर?” म्हणजे त्याला उंचीची भीती नव्हती, वेगाचीही नव्हती. अडकून पडण्याची होती. मी आधी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम हेच : भीती नेमकी कशाची, ते शोधा. उंची, आवाज, अंधार, आईपासून लांब बसणं, काहीही असू शकतं. “का घाबरतोस?” या प्रश्नाला लहान मूल सहसा उत्तर देत नाही. “यातलं काय आवडत नाही?” असं विचारा, नाहीतर चित्र काढायला द्या.

डी.एड., बी.एड.ला मानसशास्त्र शिकलेल्यांना मेरी कव्हर जोन्स हे नाव आठवत असेल. 1924 साली त्यांनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीटरला सशाची भीती वाटायची. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि तो शांत राहील तेवढाच हळूहळू जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी मुलंही आजूबाजूला असायची. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. आपल्याला यातून घ्यायचं ते अंतर. मूल शांत राहतं तेवढंच पुढे जायचं.

पण ससा मागे नेता येतो, राईड मध्येच थांबवता येत नाही! ही अडचण मुलाला खरी खरी सांगा. आणि थांबवता येणाऱ्या गोष्टींवर घरी सराव करा. सगळ्यात सोपा आपला बागेतला झोका. मुलाने “थांब” म्हटलं की बाबांनी तत्क्षणी झोका धरायचा. “अजून एकच” नाही, बरं का! चार-पाच वेळा हे खरं ठरलं की मूल स्वतःच “जोरात” म्हणायला लागतं.

झोक्यावरच “पोटात गोळा येणं” समजावता येतं. झोका खाली येताना बैठक आपल्याला नेहमीएवढी वर रेटत नाही, म्हणून क्षणभर हलकं वाटतं आणि पोटात काहीतरी सरकल्यासारखं होतं. चक्कर का येते, तेही सांगा. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. आपण गोल फिरून थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ हलत राहतो. बादलीतलं पाणी हाताने गोल ढवळून हात बाहेर काढा आणि मुलाला बघू द्या, पुढचं फारसं बोलावं लागत नाही.

गावच्या जत्रेत किंवा पार्कमध्ये गेल्यावर थेट रांगेत उभं राहू नका. राईडच्या दोन-तीन फेऱ्या बाहेरून बघा, एक फेरी किती आकड्यांत संपते ते मुलाला मोजू द्या. मग बसल्यावरही त्याला शेवट कधी येणार ते ठाऊक असतं. मेरी-गो-राउंडवर आतल्या रांगेतला घोडा निवडा. तेवढ्याच वेळात त्याला लहान वर्तुळ कापायचं असतं, म्हणून तो बाहेरच्यापेक्षा हळू फिरतो. डोळे मिटायला सांगू नका, पुढे काय येतंय ते न दिसल्याने धक्का अचानक बसतो. लगेच आधी वडापाव तर नकोच.

आणि उंचीची पट्टी! मुलाला टाचा उंच करायला लावणारे पालक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. तो दांडा आणि पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठीच बनवलेले असतात.

यंदा तोच मुलगा चौथीत आहे. सहलीत ड्रॅगनच्या गाडीपाशी आम्ही आधी चालवणाऱ्या काकांना विचारलं, “हा दांडा उघडतो कसा?” काकांनी दोनदा उघडून, बंद करून दाखवला. तिसऱ्यांदा त्याने स्वतः उघडला. मग बसला, उतरला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. आकाशपाळण्याला मात्र “नाही” म्हणाला. मी “बरं” म्हटलं. तो खाली थांबला आणि आमच्या सगळ्यांच्या टोप्या सांभाळत बसला.