समुद्र नसलेल्या गावात सर्फिंगची तयारी

कडावला राहून सर्फिंग करायचं, तर वर्षातले बहुतेक महिने लाटांविना काढावे लागतात. मी पनवेलहून कोकण रेल्वेने मुल्कीला उतरून ससिहित्लूच्या किनाऱ्यावर जाते. पावसाळ्यातला खवळलेला दर्या नवख्यांसाठी नव्हेच. तेव्हा सगळी भिस्त घरच्या व्यायामावर. एका पावसाळ्यात मी नेमाने दंड-बैठका काढल्या. अंग भरलं, ताकद आली. तरी ससिहित्लूला पहिल्याच सकाळनंतर उजवा हात डोक्याच्या वर जाईना. उरलेले दिवस वाळूत बसून गेले.

परतल्यावर फिजिओथेरपिस्टने कारण उलगडून सांगितलं. सर्फिंगमध्ये जवळजवळ निम्मा वेळ बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे ओढण्यात जातो. लाटेवर उभं राहणं दहा टक्केही नसतं. ओढण्याचं काम पाठीचं आणि खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंचं. दंडांनी मुख्यतः छाती, दंड आणि खांद्याची पुढची बाजू बळकट होते. मागची बाजू दुबळी राहिली, की हात पुन्हापुन्हा वर नेताना खांद्यातल्या कंडरांवर ताण येतो.

म्हणून दंड सोडू नका, पण ओढण्याचे व्यायाम त्याहून जास्त करा. आडव्या बारला लटकून अंग वर ओढा. जमत नसेल, तर कमरेएवढ्या उंचीच्या पक्क्या बारखाली उताणं होऊन छाती बारकडे न्या. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधा, कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेर फिरवा. प्रत्येक हाताने १५ वेळा, असे ३ फेरे. सतरंजीवर पालथं पडून छाती उचला आणि २ मिनिटं पाणी ओढल्यासारखे हात चालवा. मान आणि कंबर यानेच तयार होतात. मग त्याच स्थितीतून एका दमात उभे राहा. हे थकल्या अंगाने साधलं पाहिजे, कारण लाट येते तेव्हा हात आधीच थकलेले असतात. पायांसाठी पेठच्या किल्ल्याची चढण आहेच.

सरावाला पेज नदीत मात्र उतरू नका. ती उन्हाळ्यातही वाहते, कारण १९२२ पासून चालू असलेल्या भिवपुरीच्या जलविद्युत केंद्राचं पाणी तिला मिळतं. डोक्यावर ऊन असतानाही तिची पातळी वाढू शकते. तसंच, भराभर श्वास घेऊन पाण्याखाली दम रोखण्याचा खेळ विहिरीतही नको, तलावातही नको. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारेही असे बुडतात.

मोसमाच्या किमान ८ आठवडे आधी सुरुवात करा. खांद्यात टोचलं, की तो व्यायाम तिथेच थांबवा; दुखणं आठवडाभर टिकलं, तर तज्ज्ञाला दाखवा. आपल्याला समुद्र थोडेच दिवस मिळतो. ते सगळे पाण्यात जावेत, याची सोय घरीच करून ठेवावी लागते.