पहाटे मासे वर का येतात?

उपनगरातील घर कितीही लहान असले तरी काचेच्या मत्स्यपेटीपुरती जागा निघतेच. क्रॉफर्ड मार्केटातून किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून मासे येतात, त्यांच्याबरोबर हिरव्या पाणवनस्पतींची एखादी जुडीही येते. वनस्पती प्राणवायू देतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे पेटीत दाट हिरवळ लावली की माशांची काळजी मिटली, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात संध्याकाळी मजेत पोहणारे मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. मे महिन्यात तर एखादा मासा मरूनही पडतो. हे का होते?

याच्या उत्तराचा निम्मा भाग १७७९ सालचा आहे. यान इंगेनहाऊस या डच वैद्याने पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे जमतात, सावलीत जमत नाहीत, हे त्या वर्षी दाखवून दिले. अंधारात वनस्पती उलट हवा बिघडवतात, हेही त्याने सांगितले. वनस्पतीचे श्वसन रात्रंदिवस चालू असते. प्रकाशसंश्लेषण मात्र प्रकाश असेपर्यंतच. म्हणजे रात्री मासे, गोगलगायी, वाळूतील जीवाणू आणि स्वतः वनस्पती असे सगळेच प्राणवायूचे गिऱ्हाईक होतात आणि पुरवठा करणारे कोणी उरत नाही.

मग साठा किती असतो, याचा हिशोब करू या. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा पेटीत वाळू वगळून सुमारे ४५ लिटर पाणी मावते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या पेटीत सारा मिळून ३४० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू! तेवढा तर सव्वा लिटर हवेत असतो. दुपारी वनस्पती जोरात काम करत असतील तर हा आकडा वाढतो, पण जास्तीचा वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. रात्रभराची शिल्लक तुटपुंजीच राहते आणि ती नेमकी पहाटे संपत येते.

म्हणून हवेचा पंप रात्री चालवावा. बहुतेक घरांत नेमके उलट चालते. दिवसा बुडबुडे बघायला गंमत वाटते म्हणून पंप चालू, आणि रात्री घरघर नको म्हणून बंद! दिवसाच्या पंपाने नुकसानही होते. माशांच्या उच्छ्वासातून पाण्यात साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड तो बाहेर घालवतो आणि वनस्पतींचा घास हिरावला जातो. हवेच्या मानाने पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पानाला चिकटलेल्या पाण्याच्या थरातील वायू संपला की नवा यायला वेळ लागतो. पाण्याखालची पाने फितीसारखी पातळ किंवा बारीक चिरलेली असतात, ती यामुळेच. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांना आणखी एक युक्ती साधते. वायू कमी पडला की त्या पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवतात. घरच्या पेटीत त्याच चांगल्या तगतात, याचे हे एक कारण.

प्रकाशाचा अंदाज घेण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. काचेच्या बरणीत हायड्रिलाची डहाळी कापलेले टोक वर करून बुडवा. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. टेबलावरचा दिवा १५ सेंटिमीटरवर ठेवून, दहा मिनिटांनी, एका मिनिटात किती बुडबुडे येतात ते मोजा. मग दिवा ३० सेंटिमीटरवर न्या आणि पुन्हा मोजा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण चौथाई होतो. बुडबुडेही बरोबर चौथाई होतात का? बहुधा होत नाहीत. का, याची चर्चा वर्गात करण्यासारखी आहे. समोरच्या इमारतीने उजेड अडवलेल्या खोलीत किंवा जुलैच्या ढगाळ दिवसांत वनस्पतींवर काय गुजरते, ते या आकड्यांवरून कळेल. अशा वेळी पेटीवर रोज आठ-दहा तास एलईडी दिवा लावावा लागतो. त्याहून जास्त लावला तर वनस्पतींआधी शेवाळच माजते.

लागवडीत दोन गोष्टी सांभाळा. जुहू किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणू नका. तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुनाही. कोणत्याही वाळूवर लिंबाचा रस पिळून पाहावा, फसफसली तर ती बाद. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे. व्हॅलिस्नेरिया लावताना मुळे वाळूत आणि पाने फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर रोप कुजते. मासे तीन आठवड्यांनी सोडावेत. घाई करणाऱ्यांचे मासे अमोनियाने मरतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत वाढायला तेवढा अवधी लागतोच.

ही जमवाजमव पहिल्यांदा शास्त्रीय रीतीने केली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे १८५० साली त्याने आपला वृत्तांत मांडला. दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया एवढेच त्याने पेटीत ठेवले होते. काही काळाने कुजक्या पानांनी पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पाणी निवळले.

त्याची ही वनस्पती आपल्याकडील तळ्यांतही आढळते. पण तुळशी-विहारच्या बाजूला ती शोधायला जाऊ नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा परिसर आहे. पवईचे पाणी दूषित, तेव्हा दुकानातील जुडी बरी. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात ती दहा मिनिटे बुडवून घ्यावी. मत्स्यपेटीतल्या हौशी लोकांना प्रिय असलेल्या ॲपोनोजेटॉन कुळातील वायतुरा साताऱ्याच्या कास पठारावर वाढतो. १९८२ साली त्याला ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस हे नाव मिळाले. तो दुर्मीळ आहे, त्याचा कंद उपटायचा नाही. पावसाळ्यात जाऊन त्याचा इंग्रजी ‘वाय’सारखा दुभंगलेला तुरा पाहून यावा.

व्हॅलिस्नेरिया जोमाने वाढली तर एखाद्या सकाळी तिचे मादीफूल स्प्रिंगसारख्या वेटोळ्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागाशी आलेले दिसेल. नरफुले वेगळ्या रोपावर, तळाशी लागतात. ती सुटून वर येतात आणि तरंगत मादीफुलापाशी पोचतात. फलन झाले की देठ आक्रसतो आणि फळ खाली ओढले जाते. दुकानातील जुडी बहुधा एकाच रोपाच्या धावत्या खोडांपासून वाढवलेली असते, म्हणून पेटीतील सगळी रोपे एकाच लिंगाची निघतात. मग ते फूल काही दिवस तसेच तरंगत राहते आणि सुकून जाते. बी हवे असेल, तर दुसऱ्या ठिकाणाहून एखादे रोप आणून लावावे लागेल.