पूर्वेकडचे आभाळ: पावसाळा सरताना मुंबई बंदरातील शीडनौकानयन

शीडनौकानयन म्हणजे यंत्राच्या साह्यावाचून, केवळ वाऱ्याच्या बळावर शिडाने नौका हाकणे. कोकणच्या किनाऱ्यावर हा व्यवहार शतकानुशतके चालत आला असला, तरी निव्वळ हौसेचा खेळ म्हणून तो मुंबईच्या बंदरात एकोणिसाव्या शतकात रुजला आणि १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या संस्थांनी त्याला शिस्त दिली. या खेळाचे वर्ष पावसाळ्याने दुभंगलेले असते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हौशी नौका पाण्याबाहेर ओढून ठेवल्या जातात, गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याकडे जाणाऱ्या प्रवासी लाँचेसही ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात, आणि भाद्रपदाच्या उत्तरार्धात उघडीप मिळू लागली की इतके महिने अडलेली हौस एकदम उसळी घेते. प्रस्तुत लेखकाच्या मते वर्षातील सर्वांत फसवा काळ हाच होय, कारण आभाळ निवळलेले दिसत असले तरी वारा, पाणी आणि खुद्द नौका यांपैकी काहीच अजून स्थिरावलेले नसते.

पहिला धोका परतीच्या पावसाचा आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबईतून माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणून सप्टेंबरातील निरभ्र सकाळ हा पावसाळ्याचा शेवट नसून बहुधा त्यातील एक खंड असतो. शेतकरी ज्याला ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात तो हस्त नक्षत्राचा पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत चालतो आणि गडगडाट हीच त्याची ओळख असते. नौकेवरील माणसासाठी मात्र तो किती पडतो यापेक्षा कोठून येतो हे अधिक महत्त्वाचे ठरते. जून-जुलैत वारा आणि पाऊस दोन्ही समुद्राकडून येतात, त्यामुळे धोका पाहायचा तो पश्चिमेकडे, ही सवय अंगी मुरलेली असते. माघारीच्या काळात वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून वाहू लागतात, दुपारच्या उन्हाने तापलेल्या रायगडच्या पट्टीवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर ढग उभे राहतात, आणि दिवस कलताना ते कर्नाळा, पनवेल, उरण ओलांडून बंदरावर सरकतात. कुलाब्याच्या बाजूला लख्ख ऊन असताना पाठीमागे, जमिनीच्या बाजूला, वादळ तयार होत असते.

असा गडगडाटी ढग, ज्याला हवामानशास्त्रात क्युम्युलोनिम्बस म्हणतात, दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच चढतो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरट होतो. त्यातून पडणाऱ्या पावसाने थंड व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते, पाण्यावर आपटून चहूबाजूंना पसरते, आणि पावसाची सर पोचण्याच्या आधीच तिचा झोत नौकेपर्यंत येऊन ठेपतो. या झोतापूर्वी बहुधा विलक्षण शांतता असते, कारण ढगाकडून येणारा पूर्वेचा प्रवाह आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे खारे वारे एकमेकांना काही काळ रोखून धरतात. शिडावर वाऱ्याचा जो दाब पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नॉट हे ताशी १.८५२ किलोमीटरचे सागरी परिमाण धरले, तर १० नॉटांचा वारा २५ नॉटांवर गेला की शिडावरील भार अडीचपट नव्हे, सहापटींहून अधिक होतो.

प्रस्तुत लेखकाने अशी एक संध्याकाळ घारापुरीच्या दक्षिणेस एका लहान कीलबोटीवर अनुभवली आहे. कीलबोट म्हणजे तळाशी जड पाते असलेली, सहसा पालथी न होणारी नौका. वारा काही मिनिटांत पडला, शिडे लोंबू लागली, आणि नौकेवरील बहुतेकांनी ऑक्टोबरातील नेहमीची निर्वात वेळ समजून गप्पा सुरू केल्या. पूर्वेकडच्या पाण्याचा रंग तोवर काळसर झाला होता व ती काळी रेघ जवळ येत होती. झोत आदळताच नौका इतकी कलली की बूम, म्हणजे मोठ्या शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा दांडा, पाण्याला लागला. पुढच्या शिडाचा दोर अडकणीत पक्का बसवलेला असल्याने तो भाराखाली सुटेना, आणि उंच कडेवर बसलेला एक सोबती पाण्यात पडला. मोठ्या शिडाचा दोर धरून बसलेल्या व्यक्तीने तो तत्काळ सोडून दिल्यामुळे नौका सावरली, आणि पडलेल्याच्या अंगात लाइफ जॅकेट असल्यामुळे त्याला दोर फेकून परत घेता आले. तो चांगला पोहणारा होता, परंतु तोंडावर आपटणाऱ्या पावसात आणि उसळत्या आखूड लाटांत त्याला पोहता आले नसते, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले.

या प्रसंगातून जे निघते ते सूत्ररूपाने सांगण्यापेक्षा कृतीच्या क्रमाने सांगणे अधिक उपयोगी आहे. दुपारी दोननंतर, वारा कितीही छान असो, थोड्या-थोड्या वेळाने पूर्वेकडे पाहण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे असावे, कारण सर्वांनी पाहायचे ठरले की कोणीच पाहत नाही. ढगाचा तळ काळवंडून माथा पसरू लागला की रीफ घ्यावा, म्हणजे मोठ्या शिडाचा खालचा भाग बूमवर दुमडून बांधावा आणि शीड लहान करावे; हे काम वारा शांत असताना दोन माणसे सहज करतात, तेच झोतात चौघांनाही जमत नाही. गडगडाट ऐकू येऊन अकल्पित शांतता पसरली, तर शिडे पूर्ण उतरवून बांधून टाकणे हाच एक शहाणपणाचा मार्ग आहे, भले सोबतचे लोक त्याला भित्रेपणा म्हणोत. वीज चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ते दहा किलोमीटरांच्या आत आले की सर्वांनी डोलकाठी आणि तिला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा यांपासून दूर, नौकेच्या मध्यभागी खाली बसावे, कारण उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू ती डोलकाठीच असते. शिडाचा दोर मात्र कधीही गाठ मारून बांधू नये. तो हातात तरी असावा, नाहीतर एका झटक्यात सुटणाऱ्या अडकणीत.

पाण्याचे गणित हवेइतके आकस्मिक नसते, पण त्याकडे होणारे दुर्लक्ष त्याहून मोठे असते. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत पाण्याच्या पातळीतील फरक सरासरी साडेतीन मीटरांच्या वर जातो, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत तो दीड मीटरच्या आसपास राहतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, उधाण विशेष मोठे असते. त्यात या दिवसांत पाताळगंगा, अंबा यांसारख्या नद्या पावसाचे पाणी धरमतरच्या खाडीतून बंदरात आणतच असतात, त्यामुळे ओहोटीचा ओढ वाढतो, पाणी गढूळ राहते, आणि ओंडके, झावळ्या, तुटलेली जाळी पृष्ठभागाखाली तरंगत येतात.

किनाऱ्यावरील लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास साधारणपणे मिळतो, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. हा आडाखा ढोबळ आहे, नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहिलीच पाहिजेत. परंतु सहलीचा दिवस निवडण्यासाठी तो पुरेसा आहे. दशमीला, उदाहरणार्थ दसऱ्याला, भरती सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण होते, दुपारी सव्वा-दीडपर्यंत पाणी ओसरते आणि मग संध्याकाळपर्यंत चढते. म्हणजे गेटवेहून दक्षिणेकडे निघालेल्या नौकेला जाताना ओहोटीची आणि येताना भरतीची साथ मिळते, शिवाय हे दिवस भांगाचे असल्याने ओढही सौम्य असतो. पौर्णिमेला हे सगळे उलटे होते. पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी सहापर्यंत, नेमक्या परतीच्या वेळी, उधाणाची ओहोटी समुद्राकडे ओढत राहते. कोजागिरीच्या दिवशी दुपारी निघून चांदण्यात परतण्याचा बेत अनेकांना मोहवतो, आणि या लेखकाचा आक्षेप चांदण्याला नसून दुपारला आहे. त्या दिवशी निघायचेच असेल तर पाणी चढू लागल्यावर निघावे व बंदराच्या आतल्या बाजूसच राहावे.

वाऱ्याची दिशा या गणितात भर घालते. ऑक्टोबरातील खारे वारे दुपारी साधारणपणे वायव्येकडून वाहतात, म्हणून गेटवेहून सुमारे १४ किलोमीटरवरील मांडव्याकडे जाताना वारा पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर. चालत्या नौकेवर जाणवणाऱ्या वाऱ्याला भासमान वारा म्हणतात. खरा वारा १४ नॉटांचा आणि नौकेची गती ५ नॉटांची असेल, तर वाऱ्यासोबत जाताना तो केवळ ९ नॉटांचा भासतो, पण परतीसाठी नौका वाऱ्याकडे वळवताच तोच सुमारे १८ नॉटांचा होतो व शिडावरील भार चौपट वाढतो. शिडाची नौका सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला नागमोडी मार्गाने पुढे सरकावे लागते, त्यामुळे अंतरही जवळपास दीडपट होते. जाण्यास दोन तास लागले म्हणून परतीसाठी दोनच तास राखून ठेवणारा मनुष्य अंधारात सापडतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही.

उलट, वारा साफ पडण्याचीही तयारी हवी. १६७९ साली, याच भाद्रपद-आश्विनात, शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर चालवलेले दुर्गाचे बांधकाम रोखण्यासाठी इंग्रजांनी आपली जहाजे तेथे पाठवली होती. तरीही मायनाक भंडारीच्या देखरेखीखालील काम चालूच राहिले, त्याचे एक मोठे कारण असे, की वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या मराठा होड्या उथळ पाण्यातून व निर्वात वेळीही ये-जा करीत आणि वाऱ्यावर विसंबलेल्या जहाजांना त्यांना अडवता येत नसे. आजच्या हौशी नौकेवरही वल्ही अथवा पुरेसे इंधन असलेले लहान यंत्र असावे, आणि पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट दोर जोडलेला नांगर हाताशी असावा. वारा नसताना ओहोटीत वाहत जाणाऱ्या नौकेला थांबवणारे दुसरे साधन नाही.

बंदराच्या तोंडाशी विशेष जपावे लागते. कुलाब्याच्या टोकापुढे खडकांची रांग समुद्रात गेलेली आहे, तिच्यावर १८७५ सालचे प्राँग्ज दीपगृह उभे आहे, आणि बाहेर उरलेल्या मोसमी लाटा तेथे ओहोटीच्या प्रवाहावर आपटून आखूड व उभ्या होतात. भरतीत हे खडक दिसत नाहीत. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली एक वेगवान बोट खडकावर आपटून बुडाली व एकाचा मृत्यू झाला. ती यंत्राची होती, मार्ग बदलण्याची शक्ती तिच्यात होती, तरी हे घडले. न्हावाशेव्याकडे जाणारी मालवाहू जहाजे खोदलेला खोल मार्ग सोडू शकत नाहीत आणि त्यांना चटकन थांबताही येत नाही, म्हणून तो मार्ग काटकोनात व लवकर ओलांडावा. जवाहर द्वीपावरील तेलाच्या धक्क्यापासून दूरच राहावे.

नौकेची तपासणी हा कंटाळवाणा भाग वाटतो, पण चार महिने झाकून ठेवलेल्या नौकेत दमटपणाने दोरांचा गाभा कुजलेला असतो, तारांच्या टोकांशी गंज चढलेला असतो, सुकाणूच्या बिजागऱ्या सैल झालेल्या असतात, आणि यांपैकी काहीही धक्क्यावर उभे राहून दिसत नाही. पहिली फेरी म्हणून गेटवेसमोर, लोकांच्या नजरेच्या टप्प्यात, तासाभराचीच करावी. लाइफ जॅकेट सोबत असणे पुरेसे नाही, ते अंगात व बांधलेले हवे. त्यावर तरणशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते, ५० न्यूटनचे साधन केवळ पोहता येणाऱ्यास आधार देते, तर १५० न्यूटनचे साधन सहसा बेशुद्ध माणसालाही तोंड वर करून तरंगत ठेवते. डिंगी, म्हणजे जड कील नसलेली हलकी नौका, उलटली तर तिला धरून राहावे; किनारा जवळ भासला तरी पोहत निघू नये.

निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील एका जबाबदार व्यक्तीला नौकेवर किती माणसे आहेत, शिडाचा रंग कोणता, कोठे जाणार आणि किती वाजता परतणार हे लिहून द्यावे, आणि ठरल्या वेळेनंतर तासभर खबर नसेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवण्यास सांगावे. नौकेवर व्हीएचएफ रेडिओ असल्यास १६व्या चॅनलवरून स्वतः साहाय्य मागता येते. शोध घेणाऱ्यांना शेवटचे ठिकाण आणि वेळ या दोन गोष्टी सर्वांत आधी लागतात, कारण दोन नॉटांच्या ओहोटीत सापडलेली नौका दोन तासांत सुमारे सात किलोमीटर दूर गेलेली असते.