पहिली चाल आपली, तर जरा दमानं!

मंडळाच्या चॅरिटी पोकर नाइटला येणाऱ्या बऱ्याच जणांचा हात दिवाळीच्या तीन पत्तीवर बसलेला असतो. चिप्सना रोख किंमत नाही, हे खरं. पण तासाभरात बाद होऊन उरलेली संध्याकाळ नुसतं बघत बसायचं, हे काही बरं नव्हे! म्हणून आम्ही इथे एकच धडा घेतोय.

होल्डममध्ये हातात दोन पत्ते. टेबलावर आधी तीन उघडतात, तो फ्लॉप. मग एक टर्न आणि शेवटी एक रिव्हर. तीन पत्तीत ज्याला आपण 'कलर' म्हणतो, तोच इथे पाच पत्त्यांचा फ्लश. फरक लक्षात ठेवा: तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये फ्लश साध्या सिक्वेन्सला मारतो.

फ्लॉपचे तिन्ही पत्ते एकाच रंगाचे येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून थोडी जास्त, म्हणजे साधारण १९ डावांत एकदा.

आता उदाहरण घेऊ. आपण सुरुवातीच्या जागेवर आहोत. हातात बदाम एक्का आणि चौकट राजा. आपण रेझ केलं, मागच्या तिघांनी कॉल केला, बाकीच्यांनी पत्ते टाकले. फ्लॉप आला: इस्पिक राजा, दश्शी, पंजी. राजांची जोडी लागली, वर एक्का, मन खूश! पण जरा हिशेब करू. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत इस्पिक १०. तिघांकडे कुठलेही पत्ते असू शकतात असं धरलं, तर कुणाचा तरी फ्लश आधीच लागलेला असण्याची शक्यता साधारण १२ टक्के. निदान एकाकडे एक तरी इस्पिक असण्याची शक्यता मात्र तब्बल ७८ टक्के! आणि रिव्हरपर्यंत टेबलावर चौथं इस्पिक येण्याची शक्यता ३८ टक्के.

त्यात पहिली चाल आपली. मागचे तिघं काय करणार ते ठाऊक नाही, आणि टर्नलाही पुन्हा आपणच आधी. मोठी बेट लावली तर इस्पिक नसलेले कच्चे हात पळतात आणि मागे उरतात ते नेमके आपल्याला धोक्याचे.

मग करायचं काय?

१. तिघं समोर असतील तर चेक करा. बेताची बेट आली तर एकदा कॉल करा. बेटवर कुणी मोठं रेझ केलं तर पत्ते टाका.

२. समोर एकच असेल तर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी छोटी बेट चालेल.

३. चौथं इस्पिक आलं आणि समोरून मोठी बेट आली, तर राजांच्या जोडीचा मोह सोडा.

४. हातात इस्पिक एक्का असेल तर गोष्ट वेगळी. रिव्हरपर्यंत सर्वात मोठा फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के, तेव्हा थोडी हिंमत करायला हरकत नाही.

सावध खेळणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. पुढच्या डावासाठी चिप्स राखणं. तेव्हा मंडळी, चिप्स जपून वापरा, देणगीला मात्र हात सढळ असू द्या!