अभ्यासपाठ : दुःखाची कारणे सांगणारे

वाचनभाग : ईयोब 2:11-13, 42:7-9, लूक 13:1-5, योहान 9:1-3

बंगळूरच्या मारतहळ्ळी भागातील एका मराठी ख्रिस्ती घरी आम्ही सांत्वनाच्या प्रार्थनेसाठी जमलो होतो. त्या घरची तरुण मुलगी प्रभूकडे गेली होती. "जे झाले ते चांगल्यासाठीच झाले असणार," असे एकाने तिच्या आईला सांगितले. तो एक म्हणजे प्रस्तुत लेखक. त्या माउलीने मान वर केली नाही. परतताना दोन जुनी पुस्तके आठवली, दोन्ही उपहासाची.

पहिले, जोतीराव फुले यांचे 1855 सालचे नाटक 'तृतीय रत्न'. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या व टॉमस पेनचे विचार वाचलेल्या या तरुणाने त्यात एक जोशी रंगविला आहे. तो गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि तिचा नवरा कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतो. विदूषक त्या लबाडीचे वाभाडे काढतो, एक पाद्री वाद घालतो. शेवटी ते जोडपे शिकण्याचा निश्चय करते. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारले. नाटकात पाद्री आहे याचे आपल्याला कौतुक वाटते. वाटू द्यावे, पण दुसऱ्या पुस्तकातील हसे आपल्याच लोकांचे आहे.

ते व्होल्तेअरचे 'कांदीद' (1759). 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी उद्ध्वस्त झाले. गोव्यावर राज्य करणारी ती राजधानी. देवाने शक्य तितके उत्तम जगच निर्माण केले, हे लाइब्निट्सचे मत तेव्हा विद्वानांत मानले जाई. कादंबरीतील पँग्लॉस गुरुजी तेच घोकतात. उपाशी कांदीदला दानधर्मावर प्रवचन देणारा उपदेशक भाकर नाकारतो, आणि पाखंडी म्हणून हिणवलेल्या पंथातील जाक त्याला घरी नेतो. शोमरोनी मनुष्याचा दाखला येथे कोणाला आठवणार नाही? पुढे लिस्बनच्या उपसागरात जाक बुडतो. कांदीद उडी घेऊ पाहतो, तर पँग्लॉस त्याला अडवून सिद्ध करतो की हा उपसागर जाक बुडावा म्हणूनच निर्माण झाला होता!

कुळाचा ताठाही व्होल्तेअर सोडत नाही. कांदीदच्या मातेने त्याच्या पित्याशी लग्न केले नाही, कारण त्याला कुलीनतेचे फक्त 71 पुरावे देता आले. आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळविताना "मूळचे कोण?" हा प्रश्न अजून दबक्या आवाजात विचारला जातो, त्यामुळे हे वाचून फार हसू येत नाही.

व्होल्तेअरची सारी मते आपल्याला पटणार नाहीत, पटू नयेत. तथापि शास्त्र येथे त्याच्या विरुद्ध उभे नाही. शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते, हे प्रभूने मान्य केले नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा त्याचे वा आईबापांचे असे उत्तर मिळाले नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस भुईवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. देवाची बाजू मांडायला त्यांनी तोंड उघडले, आणि अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे देवाने ठरविले.

त्या घरी मी पुन्हा गेलो. या वेळी आईच बोलली, मुलीच्या शाळेतल्या खोड्यांविषयी, बराच वेळ.